दर दुसऱ्या घाण्याला एक वाटी

आखाडा बाळापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. जळबा यास भिवाजी मामाचे आशीर्वाद.

एवढ्या जवळच्या गावाला पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यात तू नुसता 'व्हय मामा, व्हय मामा' करतोस. कागदावर लिहायचं म्हटलं की माणसाला थोडा तरी विचार करावा लागतो. मी चौथी शिकलेला, मला एक पान लिहायला अख्खी सकाळ लागते. तू बारावी आहेस. तेव्हा उत्तर कागदावरच दे.

आपली सून करुणा परवा बाजाराला आली होती. तू शुक्रवारी हळद शिजवायचा कुकर बाहेर काढणार, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ऑपरेशनला तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. त्या दिवशी नांदेडला करुणा रडत होती म्हणून घरातला मोठा माणूस या नात्यानं कागदावर सही मी केली. कागदावर काय काय लिहिलं होतं ते मला सगळं वाचता आलं नाही. 'जिवाला धोका' एवढं वाचता आलं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टरनं सांगितलेलं मी कॅलेंडरच्या मागं उतरवून ठेवलं आहे. पोटाची पिशवी लहान केली आहे, तर एका वेळी एक लहान वाटी. दर दोन तासांनी. आधी डाळ, अंडं, दही, पनीर, भाकर मागून. घास पंचवीस वेळा चावायचा. जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. गोड अजिबात नाही.

आता तूच सांग, हळद शिजवायच्या धंद्यात हे कसं जमणार? कोणाची काढणी झाली, कोणाचे मजूर आले नाहीत, कुठं लाइट गेली, कुठं आभाळ भरून आलं. तुला पहाटे कोण उठवील आणि दुपारभर कोण ताटकळत ठेवील याचा काही नेम नाही. यंदा कुकर देविदासाच्या हाती दे. पोरगा आठ वर्षं तुझ्याबरोबर आहे. तू घरी बस.

उत्तर लवकर दे. पोस्टमन आपल्या गल्लीत दुपारी येतो. मी ओट्यावरच असतो.

भिवाजी मामा

---

कुरुंदा
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामा यांस जळबाचा नमस्कार.

कुकर बाहेर काढला. रागावू नका. देविदास कष्टाला वाघ आहे, पण वाफ किती झाली की हळद खाली घ्यायची ते अजून त्याला बोटानं कांडी दाबून कळत नाही. कुकरच्या एका ढोलातली हळद कच्ची राहिली तर शेतकऱ्याचं वर्ष जातं. आणि मी घरी बसलो तर लोक दुसरा कुकर ठरवतील. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पण पोटालाही दगा देणार नाही. करुणानं चार लहान डबे केले आहेत. एकात मुगाचं घट्ट वरण, एकात दोन उकडलेली अंडी, एकात दही, एकात पनीर कुस्करून. मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर लावला आहे. तुम्ही म्हणता तसं घड्याळ इथं चालत नाही हे खरं. पहिल्याच दिवशी गजर वाजला तेव्हा मी ढोलाचं झाकण उघडून उभा होतो, चार मजूर टोपले घेऊन खाली वाट पाहत होते. डबा हातात घेतला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि पाय लटपटत होते.

तरी त्याचं मी काही करीन. खरी तकलीफ वेगळी आहे. कागदावर लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो.

तुम्हाला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. ज्याची हळद, त्याच्या घरचं जेवण. आणि कुकरवाला पोटभर जेवून उठला तर हळद चांगली उतरते, हे बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मागची बारा वर्षं मी याच गोष्टीवर नाव कमावलं. 'जळबा जेवायला बसला की परात रिकामी' म्हणून लोक मला हौसेनं बोलवायचे. आता पंगत बसली की मी 'वाफ बघून येतो' म्हणतो आणि कुकरच्या मागं जाऊन डबा खातो. परवा एका पंगतीत वाढायला आलेल्या सखुबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "काहून रे जळबा, आमच्या हातचं कडू लागून राहिलं व्हय तुला?" मी नुसता हसलो. ऑपरेशनचं कोणाला सांगितलेलं नाही. खाणं कमी करायला दवाखान्यात जाऊन पोट कापून घेतलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? लोक हसतील.

दोन जणांनी या आठवड्यात दुसरा कुकर बोलावला. पण हंगाम मी सोडणार नाही. काळजी करू नका.

तुमचा जळबा

---

आखाडा बाळापूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. जळबा यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. मग एक युक्ती सुचली आणि करूनही टाकली.

काल बाजारात व्यंकटराव भेटले, तुझ्या पुढच्या आठवड्याच्या हळदीवाले. म्हणाले, "तुमच्या भाच्याला काय झालं? वाळून राहिला आन् जेवत बी न्हाई म्हणे." मी म्हटलं, नवस आहे. औंढ्याच्या नागनाथाला बोललाय. हंगाम संपेपर्यंत एका वेळी एकच वाटी खायची, त्यात खंड पडू द्यायचा नाही. माझ्या तोंडून एवढं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. व्यंकटरावांनी तिथल्या तिथं हात जोडले. म्हणाले, "मंग आग्रह कोन करनार? देवाचं हाय." बाजारात आणखी चार जण होते. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत झालं असेल.

आता तुला कोणी परातीपाशी बसवणार नाही. देवाच्या नावानं खोटं बोललो त्याचं भय वाटतं. रात्री कूस बदलत पडलो होतो. पण सहीचं भय त्याहून मोठं आहे.

भिवाजी मामा

---

शिरड शहापूरजवळ, व्यंकटरावांचं शेत
२१ फेब्रुवारी २०२५

ती. मामा यांस नमस्कार.

मामा, तुमची युक्ती चालली! व्यंकटरावांच्या बायकोनं मला पाट मांडला, पुढं रांगोळी काढली आणि एक वाटी ठेवली. कोणी 'घे अजून' म्हटलं नाही. गजर वाजला की देविदासच ओरडतो, "नवसाची वाटी आणा!" आणि मजूरसुद्धा बाजूला होऊन जागा करतात. जे दोघं दुसऱ्या कुकरकडं गेले होते त्यातला एक परत आला. म्हणाला, नवसाच्या माणसाच्या हातून शिजलेली हळद बरी.

वाटीत काय असतं ते मात्र मजेचं आहे. नवस म्हणजे उपास, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचा लाडू. माझ्या डब्यातली अंडी देविदासनं पहिल्याच दिवशी कुत्र्याला घातली. म्हणाला, "मालक, देवाशी असा खेळ करू नका." आता त्याला काय सांगू? महिन्याभराचाच प्रश्न आहे. साबुदाणा हलकाच असतो.

शिवरात्रीला आम्ही सखुबाईंच्या शेतात आहोत. त्यांची हळद सगळ्यात जास्त, आठ दिवस तरी लागतील.

घाईत आहे. झाकण उघडायची वेळ झाली.

जळबा

---

कुरुंदा
१ मार्च २०२५

ती. मामा यांस नमस्कार.

मी बरा आहे. हाताला थोडी वाफ लागली म्हणून दोन दिवस घरी आहे. कुकर देविदास पाहतो. काळजीचं काही नाही. तुम्ही येऊ नका, ऊन फार आहे.

जळबा

---

आखाडा बाळापूर
४ मार्च २०२५

करुणा हिस आशीर्वाद.

पत्र जळबाच्या नावाचं आहे, अक्षर तुझं आहे. एवढं मला कळतं. ज्याच्या हाताला थोडी वाफ लागली त्याला सहीसुद्धा करता येत नाही?

जे झालं ते लिही. लपवशील तर मी पहिल्या गाडीनं येईन, आणि मला वाटेत काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर.

भिवाजी मामा

---

कुरुंदा
७ मार्च २०२५

ती. मामा यांस करुणाचा नमस्कार.

त्यांनीच असं लिहायला सांगितलं होतं. आता त्यांना न विचारता लिहिते.

शिवरात्रीच्या दिवशी सखुबाईंच्या शेतात पूजा झाली. नवसाचा माणूस म्हणून पहिला मान यांना. उसाचा ताजा रस, मोठा पेला भरून. प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं? यांनी उभ्या उभ्या सगळा पिला आणि कुकरवर चढले. देविदास सांगतो की थोड्याच वेळात यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडते म्हणाले. वाफेची चावी बंद करायला हात घातला आणि तसेच खाली कोसळले. वाफ चालूच होती. देविदासनं कंबरेला धरून ओढलं म्हणून तोंड वाचलं. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला आहे.

डॉक्टर फार रागावले. म्हणाले, गोड असं एकदम आत गेलं की या पोटाला ते झेपत नाही. आणि आठवडाभर पोटात नुसता साबुदाणा आणि भगर, डाळ नाही की अंडं नाही, अंगात ताकद राहणार कुठून? एक तर नीट खा, नाही तर कुकर सोडा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून दोन दिवस पडून होते. काल म्हणाले, "इकून टाकू कुकर. आमच्या धंद्यात खाल्ल्याबिगर इज्जत न्हाई आन् आता मला खाता येत न्हाई."

मामा, नवसाची युक्ती तुमची होती. पण तिच्या आड हे लपले, आणि मी डब्यातली अंडी कुत्र्याला गेलेली ऐकून गप्प बसले. तेव्हा तुम्ही एकट्यानं मनाला लावून घेऊ नका. सखुबाई मात्र रोज विचारतात, नवसात काही चूक झाली का, आमच्या हातून काही विटाळ झाला का. परवा त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. त्यांना काय उत्तर देऊ?

करुणा

---

आखाडा बाळापूर
१२ मार्च २०२५

चि. जळबा यास आशीर्वाद.

सोमवारी मी सखुबाईंच्या शेतात जाऊन आलो. तुला सांगितलं नाही, कारण तू येऊ दिलं नसतंस. करुणाला रागावू नको. तिनं खरं लिहिलं म्हणून मला जायची हिंमत झाली. माझ्या खोट्यापायी त्या बाईनं स्वतःला दोष द्यावा हे मला सहन होईना.

दुपारची पंगत बसली होती. वीस-बावीस माणसं, व्यंकटरावही आलेले. मला पान वाढलं. मी म्हटलं, आधी बोलतो मग जेवतो. लिंबाच्या खोडाला टेकून उभा राहिलो. सांगून टाकलं. नवस नाही, काही नाही. वजनापायी माझ्या भाच्याला साखर झाली होती, रात्री झोपेत श्वास अडकत होता, डॉक्टरनं पोटाची पिशवी लहान केली. नवस मी बनवला. देवाचा आणि तुमचा गुन्हेगार मी.

मग मागून एक गडी म्हणाला, "जाडपनाचं बी आपरेशन राहते व्हय? आमच्या म्हशीला इचारून पाहा बरं, करून घेती का." सगळे हसले. माझे कान तापले. पण सखुबाई हसल्या नाहीत. हातातली पळी तशीच धरून म्हणाल्या, "मामा, देवाच्या नावानं काहून खोटं बोलले? आपरेशन म्हनले असते तर आमी त्याला खाऊन टाकलं असतं का? मी माझ्या हातानं त्याला रस पाजला. माझ्या हातानं! मेला असता म्हंजे?"

मी मान खाली घातली.

व्यंकटरावांना वेगळीच काळजी. म्हणाले, "ते समदं बराबर हाय, पर कुकरवाला अर्ध्या पोटी राहिला तर हळद कशी उतरल?" तर सखुबाई त्यांच्यावर उलटल्या. "मागल्या साली तुमच्या घरी त्यो सात भाकरी खाऊन गेला, तरी तुमची हळद डागी निघाली का न्हाई? मोंढ्यात कोनी येपारी हात लावना. तवा काय त्याचं पोट रिकामं होतं?" व्यंकटराव वरण भुरकायला लागले.

मग मी खिशातून कॅलेंडरचं पान काढलं आणि वाचलं. आधी डाळ, मग अंडं. बाया ऐकत होत्या. एकीनं विचारलं, ताक चालतं का. दुसरी म्हणाली, मटकीची उसळ मऊ शिजवून दिली तर. पण दर दोन तासांनी म्हटल्यावर देविदास म्हणाला, "मामा, हितं तासाला कोन इचारते? हितं घाने मोजतेत." मला कळलं नाही म्हणून त्यानं समजावलं. ढोल भरले, वाफ दिली, हळद शिजून खाली उतरली, तो एक घाणा. भरणं-उतरणं धरून एकाला तासभर लागतो. काम सकाळी सुरू होवो नाही तर दुपारी, लाइट जावो की राहो, घाणे कोणी चुकत नाही. "एका घान्याला पानी, दुसऱ्याला वाटी. मी आवाज देतो," म्हणाला. मी बोटांवर मोजून पाहिलं. पाणी आणि जेवण यांच्यात अर्ध्या तासाहून जास्तच अंतर पडतं. आणि काम बंद पडून घाणा लांबला तर घड्याळ बघून खायचं, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

निघताना सखुबाई म्हणाल्या ते लिहितो. "तुमी म्हातारे मानूस उन्हात आले, बरं केलं. पर त्याला तोंड न्हाई का? दर शेतावर तुमी जाऊन सांगनार हाव का?"

जळबा, बाईचं बरोबर आहे. मी भित्रा माणूस, माझी तेवढी हिंमत एकदाच झाली. पुढचं तुझं तुला सांगावं लागेल. कुकर विकायचा असेल तर हाताला जमत नाही म्हणून विक. लाजेपायी विकशील तर मी तुझ्या दारात पाणी पिणार नाही.

भिवाजी मामा

---

पांगरीजवळचा तांडा
२४ मार्च २०२५

ती. मामा यांस जळबाचा नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. नवी कातडी आली आहे, जरा ताणते. चावीला मी हात लावत नाही, ते देविदास करतो. मी कांडी दाबून सांगतो, आणि त्यालाही दाबायला लावतो. पाचातल्या तीनदा बरोबर सांगतो आता.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी फार चिडलो. तुम्ही सगळ्यांपुढं माझं उघडं केलं असं वाटलं. चार दिवस करुणाशी नीट बोललो नाही. पाचव्या दिवशी सखुबाई स्वतः घरी आल्या. मला वाटलं, हात बघायला आल्या. तर म्हणाल्या, "उरलेली हळद तुझ्यासाठी थांबवून ठेवली हाय. आज येतो का उद्या?" दुसऱ्या दिवशी गेलो.

घाण्याचा हिशेब बरोबर बसला. सखुबाईंच्या शेतात एकदा मोटारीचं पाणी बंद पडून अडीच तास काम थांबलं. आधीचा मी असतो तर तसाच ताटकळत राहिलो असतो. देविदासनं घड्याळ दाखवलं आणि डबा पुढं केला. अंडी आता तोच सोलतो. कुत्रं समोर बसून त्याच्याकडं बघतं, तो त्याला म्हणतो, "जा, तुझा नवस फिटला."

आता परवाचं. या तांड्यावर भिकाबाईंची हळद आहे. इथं पहिल्यांदाच आलो. तुमचं बोलणं, सखुबाईंचं बोलणं, इथं काही पोचलेलं नाही. माझं जुनं नाव मात्र पोचलेलं. भिकाबाईंनी माझ्यासाठी कोंबडी कापली होती. पंगतीत परात आणून माझ्यापुढं ठेवली, भाकरीची ही चवड, आणि म्हणाल्या, "लई आयकलं तुमचं. आज पाहू द्या खाताना."

मामा, 'वाफ बघून येतो' हे शब्द जिभेच्या टोकावर होते. देविदास माझ्याकडं बघत होता, पण गप्प होता. तो बोलला असता तर मी मान हलवून मोकळा झालो असतो.

मी म्हटलं, "बाई, माझ्या पोटाचं आपरेशन झालं. खाऊन खाऊन मरायला लागलो होतो म्हनून करून घेतलं. आता मी एवढंच खातो," आणि वाटी दाखवली. आवाज चढला होता, तांड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

भिकाबाईंनी वाटीकडं पाहिलं. म्हणाल्या, "एवढंसं? माझी कोंबडी बी याच्याहून जास्त खात होती." पोरं खो खो हसली. मी पण हसलो. मग त्या समोर बसल्या, रश्शातले दोन मऊ तुकडे हाड काढून वाटीत टाकले आणि विचारलं, "तिखट चालते का धुवून देऊ?"

मी एकेक घास चावत बसलो. बाकीच्यांच्या तीन-तीन भाकरी झाल्या तरी माझी वाटी संपली नव्हती. भिकाबाई सासऱ्याच्या गोष्टी सांगत होत्या. बारा वर्षांत कोणत्या घरच्या बाईनं काय सांगितलं ते मला आठवत नाही, कारण मी फक्त जेवत होतो. मध्ये बाहेर कुकरच्या झाकणाचा आवाज आला. देविदास उठला, मला म्हणाला, "बसा." मी बसलो. पंगत उठली तेव्हा सगळ्यांबरोबर उठलो.

हळद छान उतरली. वजन आता अठ्ठ्याण्णव किलोवर आलं आहे. पाडव्यापर्यंत अजून चार शेतं.

तुमचा जळबा

---

आखाडा बाळापूर
२७ मार्च २०२५

चि. जळबा यास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा ओट्यावर, एकदा घरात, एकदा औंढ्याला देवळाच्या पायरीवर. खोटं मी बोललो होतो, तेव्हा देवाला तोंड दाखवायला मलाच जावं लागणार होतं. उन्हात रांग मोठी होती. गाभाऱ्यात गेल्यावर मागितलं काही नाही, सांगितलं तेवढं.

तुझी पत्रं येतात तोवर मला बरं वाटतं, मग दुपारनंतर पुन्हा सुरू होतं. हात पाण्यात घालतोस का? गोळ्या संपल्या का? चार शेतं म्हणतोस, त्यात कोणाकडं लग्न आहे का, कोणी पेढे तोंडात कोंबणार नाही ना? कोंबले तर काय सांगायचं ते आता तुला येतं. तरी विचारतो. माझा स्वभाव आता या वयात काय बदलणार.

गावात कोणी भेटलं की मी आजवर 'जळबा जेवला का' म्हणून विचारत होतो. काल देविदास दुकानापाशी दिसला. घाईत होता, गाडी चालूच होती. मी हात करून थांबवलं आणि विचारलं, "कितवा घाना चालू हाय?"

त्यानं चार बोटं दाखवली. म्हटलं, जा मग लवकर, वाटीची वेळ झाली.

भिवाजी मामा